बाबांना इम्युनोथेरपी सुचवली आहे. "ताकदीचं इंजेक्शन" नाही, तर मग नक्की काय? (ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव सांगा)

कोपरीकर | ८ जून, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथला वाचनमात्र. पाककृती आणि ट्रेकचे धागे वाचून गप्प बसणारा. पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

बाबा ६८ वर्षांचे. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात ३४ वर्षं फिटर होते. विडी कायम खिशात. होळीच्या सुमारास कोरडा खोकला लागला तो जाईना. आधी टीबीचा संशय, थुंकी तपासली, काही निघालं नाही. मग सीटी, मग सुईने तुकडा काढला. फुप्फुसाचा कॅन्सर, अॅडिनोकार्सिनोमा, चौथी स्टेज. डावीकडच्या अॅड्रिनल ग्रंथीत पोचलाय.

पुढच्या तपासण्यांसाठी "ब्लॉक" दुसऱ्या लॅबला न्यायचा होता, तो मीच नेला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: काडेपेटीहून लहान, पिवळट मेणाचा ठोकळा, खाली प्लास्टिकची जाळीदार चौकट, तिच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेला नंबर. मेणात मधोमध तांदळाच्या कणीएवढं करडं काहीतरी. ते बाबांचं. शर्टाच्या खिशात घालून ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने निघालो आणि तुर्भ्यापर्यंत हात खिशावरून काढला नाही.

रिपोर्ट असा: ईजीएफआर निगेटिव्ह, एएलके निगेटिव्ह (म्हणजे हे दोन जनुकीय बिघाड नाहीत), पीडी-एल१ ६० टक्के. डॉक्टर म्हणाले, "केमो नको, नुसती इम्युनोथेरपी देऊ, दर तीन आठवड्यांनी." औषध पेंब्रोलिझुमॅब. बाहेर आलो तर मामा म्हणतो, इम्युनिटीच वाढवायची ना, मग गुळवेल आणि अश्वगंधा काय वाईट? लाखभर रुपये कशाला घालवता? मला उत्तर देता आलं नाही.

मुळात मला हेच कळत नाही की ज्या माणसाला आयुष्यात साधी सर्दी टिकली नाही, त्याच्या प्रतिकारशक्तीला छातीतला पाच सेंटिमीटरचा गोळा दिसला कसा नाही? आणि हे इंजेक्शन नेमकं करतं काय? ज्यांच्या घरात दिलंय त्यांनी बरंवाईट दोन्ही सांगा.

---

अनुराधा_घंटाळी | ९ जून, सकाळी ६:५५

वाचून वाईट वाटलं. बाबांना लवकर आराम पडो. मला यातलं काही कळत नाही, पण वाशीचे मास्तर इथे आहेत, त्यांना हाक मारते. मास्तर, या हो.

---

वाशीचा_मास्तर | ९ जून, दुपारी १:२०

आलो. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं. डॉक्टर नाही, त्यामुळे बाबांना काय द्यावं यावर मी बोलणार नाही. कसं चालतं एवढंच सांगतो.

कोपरीकर, तुम्ही लोकलवाले, म्हणून टीसीवरून सांगतो. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे करून बाहेरच्या अंगावर लावून ठेवते. ज्या खुंटीवर लावते तिला एचएलए म्हणतात. हा तिचा पास. टी-पेशी हा टीसी. पास बघतो, ओळखीचा असला तर पुढे जातो. विषाणू शिरला किंवा जनुकं बिघडून भलतंच प्रथिन तयार झालं की पासावर अनोळखी अक्षरं दिसतात आणि टीसी त्या पेशीला तिथेच मारतो. असे बिघडलेले फुकटे आपल्या सगळ्यांच्या अंगात अधूनमधून पकडले जात असणार, आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणजे बाबांच्या प्रतिकारशक्तीने काहीच केलं नाही असं समजू नका. तिने किती पकडले ते कुणी मोजलेलं नाही.

पण यातूनच घोळ होतो. सहज पकडले जाणारे मरतात आणि जे लबाड आहेत ते उरतात. वर्षानुवर्षं ही चाळणी चालते. गोळा सीटीत दिसायला लागतो तोवर त्यात टीसीला चुकवण्यात तरबेज झालेल्या पेशींचीच वस्ती झालेली असते.

चुकवतात कशा? एक युक्ती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. ठाणे स्टेशनच्या पुलावर टीसीने हात आडवा केला की एखादा नुसती मान हलवून "स्टाफ" म्हणतो आणि निघून जातो, पाहिलंय ना? पेशीच्या अंगावरचं पीडी-एल१ म्हणजे हे "स्टाफ". टी-पेशीचा पीडी-१ नावाचा कान ते ऐकतो आणि ती हात खाली घेते. हा कान मुळात चांगल्यासाठी आहे. तो नसता तर प्रत्येक तापानंतर टी-पेशींनी आपलीच आतडी आणि आपलीच फुप्फुसं सोलून काढली असती. कॅन्सर फक्त ते "स्टाफ" म्हणायला शिकला. तुमच्या रिपोर्टातले ६० टक्के म्हणजे तपासलेल्या कॅन्सर पेशींपैकी ६० टक्के पेशी तसं म्हणताना सापडल्या.

पेंब्रोलिझुमॅब ही त्या कानात बसणारी अँटिबॉडी. ताकद तितकीच राहते, फक्त "स्टाफ" ऐकू येत नाही. तुमच्या मामांना एवढंच सांगा: गाडीला पेट्रोल कमी पडत नव्हतं, हँडब्रेक ओढलेला होता.

पीडी-१ सापडला १९९२ साली जपानमध्ये, तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत. सीटीएलए-४ या दुसऱ्या ब्रेकवर अमेरिकेत जेम्स अॅलिसन यांनी काम केलं आणि त्यावरचं पहिलं औषध २०११ मध्ये मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. दोघांना २०१८ चं नोबेल. मूळ कल्पना मात्र फार जुनी आहे. न्यूयॉर्कमध्ये विल्यम कोली नावाचे सर्जन १८९१ पासून रुग्णांच्या गाठींत जंतू टोचत होते, कारण जंतुसंसर्गाचा जोरदार ताप येऊन गेल्यावर काहींच्या गाठी विरघळल्याचं त्यांनी पाहिलं होतं. कधी जमायचं, बहुतेकदा नाही, आणि का जमलं हे त्यांना सांगता येत नव्हतं. लोकांनी वेड्यात काढलं.

जाता जाता एक. ऐकून आई चिडतील, पण बाबांच्या विडीने इथे थोडी उलटी मदत केली असू शकते. धुराने जनुकांत खूप बिघाड होतात, त्यामुळे पासावर अनोळखी अक्षरं जास्त, त्यामुळे ओळखायला सोपं. विडी कधीच न ओढलेल्यांच्या फुप्फुसाच्या कॅन्सरला ही औषधं बऱ्याचदा कमी लागू पडतात.

---

तीनहातनाका | ९ जून, रात्री १०:०५

मास्तर, उपमा झकास. पण कानात बोळा घातला की काम फत्ते, तर मग सगळेच बरे का होत नाहीत? माझ्या मित्राच्या आईला हीच थेरपी दिली. सहा डोस. गावाकडची जमीन विकली. सहाव्या डोसानंतर स्कॅनमध्ये गोळा दुप्पट. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, पण "पीडी-एल१ शून्य आहे, फायद्याची शक्यता कमी" हे त्यांना कुणी आधी सांगितलंच नव्हतं. पेपरात मात्र रोज "कॅन्सरवर रामबाण". कोपरीकर, भीती घालत नाहीये, पण प्रश्न विचारून मग पैसे भरा.

---

वाशीचा_मास्तर | १० जून, सकाळी ११:१५

तीनहातनाका, राग रास्त आहे. आकडाच देतो. पीडी-एल१ ५० टक्के किंवा जास्त असलेल्या, ईजीएफआर-एएलके बिघाड नसलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरवर या औषधाची केमोशी तुलना झाली. पाच वर्षांनी केमोच्या गटात १६.३ टक्के रुग्ण हयात होते, या औषधाच्या गटात ३१.९ टक्के. चौथ्या स्टेजला पाच वर्षांनी शंभरात बत्तीस ही पूर्वी कुणी कल्पना केली नसती अशी गोष्ट आहे. आणि उरलेले अडुसष्ट गेले, हेही तितकंच खरं.

ते का गेले, यावरच तर आज जगभर डोकेफोड चालू आहे. काही गाठींत टी-पेशी शिरतच नाहीत. डब्यात टीसी चढलाच नाही, तर त्याला ऐकू येतं की नाही याला काय अर्थ? अशा गाठींना "थंड" म्हणतात. स्वादुपिंडाचा कॅन्सर बहुधा या जातीचा, भोवती तंतूंची जाड भिंत. काही गाठी एचएलएची खुंटीच उपटून टाकतात, म्हणजे पासच दिसत नाही. (खुंटी नसलेल्यांना मारणाऱ्या एनके-पेशी आपल्याकडे असतात, पण गाठ त्यांनाही गुंगवते.) काही ठिकाणी नियामक टी-पेशी गोळा होतात. त्या टी-पेशीच, पण काम उलटं, बाकीच्यांना शांत करायचं. त्यांच्यावरच्या संशोधनाला २०२५ चं नोबेल मिळालं, शिमोन साकागुची आणि दोन अमेरिकी शास्त्रज्ञांना. आणि सर्वांत वाईट म्हणजे थकलेल्या टी-पेशी. महिनोन् महिने त्याच शत्रूपुढे उभ्या राहून त्या आतून बदलतात. मग ब्रेक काढला तरी गाडी हलत नाही.

२०२२ मध्ये व्हॉट्सअॅपवर फिरलेली बातमी आठवते? गुदाशयाच्या कॅन्सरचे बाराच्या बारा रुग्ण डोस्टारलिमॅबने ऑपरेशनशिवाय बरे. बातमी खरी होती. पण त्या बाराही जणांच्या गाठींत डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेली होती, म्हणजे पासावर चुकाच चुका. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये अशा गाठी शंभरात पाच-दहाच. पुढे ढकलताना ते वाक्य गळून पडलं.

उलट अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर बघा. ९१ व्या वर्षी मेलॅनोमा मेंदूत पोचलेला. शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि हेच पेंब्रोलिझुमॅब. शंभरी पूर्ण करून २०२४ च्या डिसेंबरात गेले.

---

तीनहातनाका | १० जून, सकाळी ११:३२

कार्टरसाहेबांना जमीन विकावी लागली नसेल.

---

वाशीचा_मास्तर | १० जून, सकाळी ११:४०

यावर उत्तर नाही.

---

पावतीवाला | १० जून, दुपारी ३:५०

पैशाचं बोलू. विमा नियामकाने २०१९ मध्ये बारा आधुनिक उपचारांची यादी काढली, विमा कंपन्यांना ते सरसकट वगळता येत नाहीत. "इम्युनोथेरपी, मोनोक्लोनल अँटिबॉडी इंजेक्शन" त्या यादीत आहे. खाच अशी की कंपनी उपमर्यादा लावू शकते. आमची पॉलिसी दहा लाखांची होती आणि आतल्या पानावर बारीक अक्षरात या उपचाराला अडीच लाख. दुसऱ्या डोसातच संपले. तुमचं ते पान आज रात्रीच शोधा.

पेंब्रोलिझुमॅबवरची मूळ कस्टम ड्युटी सरकारने २०२३ च्या एप्रिलपासून माफ केली आहे, तरी आकडा लाखातच राहतो. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन "पेशंट असिस्टन्स प्रोग्राम" हे तीन शब्द उच्चारा. काही डोस विकत घेतल्यावर पुढचे सवलतीत किंवा फुकट अशा योजना असतात. आपण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

---

ऐरोलीची_वहिनी | १० जून, रात्री ९:१५

आमचा अनुभव जरा वेगळा. माझ्या दिराला तोंडाचा कॅन्सर, गुटख्याची देणगी. ऑपरेशननंतर परत आला. पूर्ण डोस परवडणं शक्यच नव्हतं. त्याला निव्होलुमॅब (पेंब्रोलिझुमॅबच्याच जातीचं औषध) फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, सोबत मेथोट्रेक्सेट, सेलेकोक्सिब आणि अर्लोटिनिबच्या गोळ्या असं दिलं. मला वाटलं गरिबाला गरिबाचा डोस देऊन वाटेला लावताहेत. एवढ्याशाने काय होणार?

नंतर कळलं की हे टाटा मेमोरियलच्याच डॉक्टरांनी रीतसर चाचणी करून २०२२ मध्ये छापलंय. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानंतर १६.३ टक्के रुग्ण हयात, गोळ्यांबरोबर हा छोटा डोस दिला तर ४३.४ टक्के. दिराने चौदा महिने काढले, त्यातले अकरा चांगले. लेकीच्या बारशाला उभा राहिला होता. आमच्याकडे ४० मिलिग्रॅमची एक बाटली दोन पेशंटमध्ये व्हायची. आमच्या जोडीला दिव्याला राहणारे एक काका होते. एकाला यायला उशीर झाला की दुसरा ताटकळत बसायचा. काका गेले तेव्हा दीर जेवला नाही.

---

डेकेअर_सिस्टर | ११ जून, पहाटे ५:१०

नाईट संपवून लिहितेय, शुद्धलेखन माफ. नवी मुंबईत एका डेकेअरमध्ये बरीच वर्षं हीच औषधं लावतेय.

वहिनी, "गरिबाचा डोस" म्हणू नका. तेवढ्यानेही टी-पेशींवरचे बरेचसे पीडी-१ कान बंद होतात, म्हणूनच तर करून पाहिलं. पण जे तोंडाच्या कॅन्सरमध्ये सिद्ध झालं ते फुप्फुसाला आपल्या मनाने लावू नका, कोपरीकर. डॉक्टरांना विचारा.

तुमच्या बाबांचं कसं होईल सांगते. सकाळी रक्त. लिव्हर-किडनीपासून थायरॉइडपर्यंत. रिपोर्ट आला की बाटल्या फ्रीजमधून निघतात, १०० मिलिग्रॅमच्या दोन. औषध पाण्यासारखं, फेस होऊ नये म्हणून बाटली हलवायची नाही, अलगद फिरवायची. सलाईनमध्ये घालून फिल्टरच्या नळीने अर्धा तास. संपलं. पेशंट विचारतात, "बस, एवढंच?" केमोची उलटी नाही, केस जात नाहीत. आणि तिथेच माणूस गाफील होतो.

बाहेरून औषध आणायला सांगितलं तर थर्माकोलचा डबा आणि आइसपॅक लागतो. बाटली बर्फाला टेकवायची नाही, गोठली की वाया. एक गृहस्थ उन्हाळ्यात पिशवीतून तशीच घेऊन पनवेलहून आले होते. परत पाठवायचं माझ्या जिवावर आलं होतं.

मास्तरांनी सांगितलं ना, कानात बोळा. आता खरे स्टाफवालेही अडवले जातात. थायरॉइड, आतडी, लिव्हर, फुप्फुसं, पिट्युटरी, क्वचित हृदयाचा स्नायू. कधी पहिल्या डोसानंतर, कधी सहा महिन्यांनी, कधी औषध बंद झाल्यावरसुद्धा. दिवसातून चारपेक्षा जास्त जुलाब, नवा कोरडा खोकला, जिना चढताना नेहमीपेक्षा जास्त दम, डोळे पिवळे, न थांबणारा थकवा, एकदम खूप तहान आणि लघवी. यातलं काहीही झालं तर गल्लीतल्या डॉक्टरकडून गोळी घेऊन थांबायचं नाही. हॉस्पिटलने दिलेल्या कार्डावरच्या नंबरवर फोन. कॅज्युअल्टीत गेलात तर तोंडातून पहिलं वाक्य "इम्युनोथेरपी चालू आहे" हेच. केमो म्हणू नका. केमो म्हटलं की ते जंतुसंसर्ग शोधत बसतात, आणि इथे बऱ्याचदा स्टिरॉइड लागतं, लवकर.

आणि हो, ब्लॉक परत आणला का? तो तुमचा आहे. पावती दाखवून घेऊन या. पुढे लागला तर नव्याने सुई टोचायला नको.

---

स्वदेशी_सदाशिव | ११ जून, सकाळी १०:२०

एवढं विष टोचून घेण्यापेक्षा गुळवेलीचा काढा, हळद, गोमूत्र. माझ्या ओळखीचे तीन जण ठणठणीत. ऋषिमुनींना हे सगळं ठाऊक होतं.

---

डेकेअर_सिस्टर | ११ जून, सकाळी १०:५८

काका, मान ठेवून सांगते. २०२१ मध्ये मुंबईतल्याच लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या रुग्णांची यकृतं सुजल्याचं छापलं. स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने लिव्हरवर हल्ला केल्यासारखं चित्र. आयुष मंत्रालयाने त्याला आक्षेप घेतला, तो वाद बाजूला ठेवू. पण ज्याचा ब्रेक आम्ही मुद्दाम काढलाय त्याला वरून हे पाजलं आणि एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) ४०० झालं, तर डॉक्टरने काय समजायचं? औषधाने की काढ्याने? आम्हाला औषध थांबवावंच लागतं. लपवून काढा घेणारा पेशंट स्वतःचे डोस घालवतो. घ्यायचाच असेल तर निदान सांगून घ्या.

---

कोपरीकर | ११ जून, रात्री ११:५५

काय लिहू, सगळ्यांचे आभार. मामाला हँडब्रेक समजला. तो ३० वर्षं एसटीत ड्रायव्हर होता, मास्तरांचं वाक्य त्याच्यासाठीच होतं. पावतीवाला, पान सापडलं. उपमर्यादा आहे. समाजसेवा विभागात उद्या जातोय. १६ ला पहिला डोस.

---

नेरूळचा_नाना | १२ जून, सकाळी ८:३०

थोडं हलकं. सासऱ्यांना मूत्राशयाचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, बीसीजी द्यायचं. सासूबाई ढसाढसा रडल्या, "वर टीबीपण झाला का हो?" दंडावर जिचा व्रण आपण सगळे मिरवतो तीच लस. नळीने मूत्राशयात सोडतात, आठवड्यातून एकदा असं सहा वेळा, आणि दोन तास धरून ठेवायची. तिच्यातले टीबीच्या जातीचे अशक्त जंतू बघून तिथे प्रतिकारशक्ती खवळते आणि त्यात कॅन्सरपेशी मार खातात. १९७६ पासून चालू आहे म्हणे. मास्तरांचे कोली वेडे नव्हते तर! सासरे दोन तास धरून ठेवताना घड्याळाकडे बघत हनुमान चालिसा म्हणायचे.

---

सेक्टर_बारा | १४ जून, सायंकाळी ७:२५

धाग्यात कार-टी (रुग्णाच्याच टी-पेशी बदलून परत सोडण्याचा उपचार) आलं नाही म्हणून लिहिते. खारघरला राहते. माझ्या भाच्याला बी-पेशींचा ल्युकेमिया, वय १९, दोनदा उलटलेला. त्याच्या रक्तातून टी-पेशी काढल्या. मशीनला चारेक तास जोडून ठेवलं होतं, तो मोबाइलवर क्रिकेट बघत होता. मग त्या पेशींत प्रयोगशाळेत नवं जनुक घातलं. आता त्या पासाची वाट बघत नाहीत, सीडी१९ हा बिल्ला दिसला की थेट मारतात. वाढवून परत सोडल्या, आधी तीन दिवस केमो देऊन जागा केली.

हे तंत्र आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून उभं केलं. पहिला रुग्ण ४ जून २०२१ ला, इथेच खारघरच्या अॅक्ट्रेक या टाटाच्या केंद्रात. मंजुरी २०२३ च्या ऑक्टोबरात. अमेरिकेत तीन-चार कोटी लागतात, इथे त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. तरी आमच्यासाठी तो डोंगरच, वर्गणी काढली.

पेशी सोडल्यावर चौथ्या दिवशी ताप १०४. ब्लड प्रेशर खाली. डॉक्टर म्हणाले, हे अपेक्षित आहे, पेशी लढताहेत, तो शांत करणारं टॉसिलिझुमॅब तयार ठेवलंय. अपेक्षित! काचेबाहेर उभं राहून "अपेक्षित" ऐकणं काय असतं ते सांगता येत नाही. सहाव्या दिवशी उतरला. आता तो एका कॉलेजात जातोय. चांगल्या बी-पेशींवरही सीडी१९ असतो, त्या पण गेल्या, म्हणून बाहेरून अँटिबॉडीचं सलाईन अधूनमधून घ्यावं लागतं.

---

तीनहातनाका | १४ जून, रात्री ८:१०

मग हेच फुप्फुसाला का देत नाहीत?

---

वाशीचा_मास्तर | १४ जून, रात्री ९:००

बी-पेशी सगळ्या मेल्या तरी माणूस जगतो, वर सांगितलंय तसं सलाईनवर. फुप्फुसाच्या कॅन्सरवर जो बिल्ला दिसतो तो थोडाफार निरोगी फुप्फुसावर, आतड्यावरही असतो. तिथे सगळं मारून चालणार नाही. शिवाय रक्तात पेशी सुट्या फिरतात, गाठीत मात्र आत शिरायचं असतं, आणि आत पुन्हा तीच भिंत, तेच नियामक, तोच थकवा. आणि रक्ताच्या कॅन्सरमध्येही काहींचा रोग सीडी१९ टाकून देऊन परत येतो. बिल्लाच काढून खिशात. चाळणी तिथेही चालूच असते.

---

कोपरीकर | १० ऑगस्ट, रात्री १०:४८

तीन डोस झाले. तिसरा २८ जुलैला. सगळं छान होतं, भूक परत आली होती, विडीसाठी आईशी भांडणंही चालू झाली होती. चार दिवसांपासून खोकला. पावसाळा आहे, अख्खी चाळ खोकतेय, म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. अँटिबायोटिक आणि सिरप दिलं. आज कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर कपाटातून काढला. बसून ९५. दुसऱ्या मजल्यावर चढून आले तर ९०. ताप नाही. परवा अपॉइंटमेंट आहेच. थांबू ना?

---

डेकेअर_सिस्टर | १० ऑगस्ट, रात्री १०:५३

नाही. आत्ता कार्डावरचा नंबर लावा. कॅज्युअल्टी. पहिलं वाक्य लक्षात आहे ना?

---

कोपरीकर | १० ऑगस्ट, रात्री १०:५५

आहे. निघतोय.

---

अनुराधा_घंटाळी | ११ ऑगस्ट, सकाळी ६:३०

काय झालं? कळवा.

---

कोपरीकर | १४ ऑगस्ट, दुपारी २:१५

उशिरा कळवतोय. न्यूमोनायटिस, म्हणजे फुप्फुसांना सूज. दोन्ही फुप्फुसांत सीटीवर काच धुरकटल्यासारखे डाग. कॅज्युअल्टीतल्या मुलीने आधी "केमो?" असंच विचारलं. मी म्हटलं, इम्युनोथेरपी, पेंब्रोलिझुमॅब, तिसरा डोस. ती थांबली आणि तिने तिथूनच कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन लावला. संसर्गाच्या तपासण्या केल्या आणि त्याच रात्री स्टिरॉइड सुरू. तिसऱ्या दिवशी चालून ९५. स्टिरॉइडने साखर ३२० झाली, आता इन्शुलिन. घरी आहेत.

आणि त्याच सीटीत गोळा ५.१ चा ३.२ झालाय. अॅड्रिनलमधला जेमतेम दिसतोय.

मला काय वाटतंय ते मलाच कळत नाहीये. ज्या सैन्याने गोळा खाल्ला त्यानेच फुप्फुसंही चावली. आता स्टिरॉइडने तेच सैन्य झोपवायचं. मग केलेलं सगळं पाण्यात?

---

वाशीचा_मास्तर | १४ ऑगस्ट, सायंकाळी ५:४०

पाण्यात नाही. उपचार सुरू करतानाच कुणी स्टिरॉइडवर असेल तर औषध कमी चालतं असं दिसलंय. पण मध्येच दुष्परिणामासाठी दिलेल्या स्टिरॉइडने फायदा पुसला जातो, असं बहुतेक अभ्यासांत दिसलेलं नाही. एकदा जागी झालेली टी-पेशी ओळख विसरत नाही. काहींचा गोळा औषध थांबवल्यावरही महिनोन् महिने दबलेला राहतो. बाबांचं तसं होईल का, हे मात्र कुठल्याच तपासणीत आधी दिसत नाही.

---

डेकेअर_सिस्टर | १५ ऑगस्ट, सकाळी ७:०५

स्टिरॉइडची गोळी बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू देऊ नका, हात जोडून सांगते. चार-सहा आठवड्यांत पायरीपायरीने उतरवायची, नाहीतर न्यूमोनायटिस परत उसळतो. गोळ्यांचं कॅलेंडर फ्रीजवर लावा आणि दिलेली गोळी खोडा.

---

कोपरीकर | २३ सप्टेंबर, रात्री ९:३०

कॅलेंडर संपत आलं. आज १० मिलिग्रॅमवर. डाग पुसट झालेत. डॉक्टरांनी दोन्ही बाजू मांडल्या: औषध परत सुरू केलं तर फुप्फुसं पुन्हा सुजू शकतात, नाही केलं तर दर दोन महिन्यांनी स्कॅन करून बघत राहायचं. बाबांनाच विचारलं. ते म्हणाले, "गणपती झाले, दिवाळी येऊ दे, मग बघू." तर सध्या थांबलोय. परवाच्या रक्तात टीएसएच ३८ आलं, म्हणजे थायरॉइडही गेलं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, बहुधा कायमची. आई म्हणते, माझ्या डबीतलीच घे, दोघांची एकच कंपनी.

सिस्टर, ब्लॉक आणायला आज तुर्भ्याला गेलो होतो. पावती सापडत नव्हती, ऑक्सिमीटरच्या खोक्यात निघाली. त्यांनी सही घेऊन दिला. तीन-चार काप घेतल्यामुळे कणी अजून बारीक दिसतेय.

---

डेकेअर_सिस्टर | २३ सप्टेंबर, रात्री ९:४१

गॅसजवळच्या कपाटात ठेवू नका. मेण आहे.